सासूबाईंच्या इंग्रज आजोबांचा माग जनगणनेतून कसा काढावा?

आपल्या प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी आहे: सासूबाई मूळच्या लँकेशायरच्या, त्यांच्या आजोबांचे नाव, जन्म साधारण १८९० चा आणि ‘कापडगिरणीत होते’ एवढेच घरात ठाऊक. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते तसे एखादे दप्तर इंग्लंडमध्ये आहे का, नसल्यास जनगणनेवरून मागे कसे जावे, आणि एका संकेतस्थळावर आयता मिळालेला वंशवृक्ष तसाच स्वीकारावा का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते, माझे सासर इथलेच आहे आणि सासऱ्यांच्या घराण्याचा शोध मी याच कागदांतून घेतला आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते.

नामावळीसारखे दप्तर इथे नाही. सरकारने माणसे मोजली ती राज्यकारभारासाठी, चर्चने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने लिहिली ती धर्मकार्याची नोंद म्हणून, आणि गावातल्या गरिबांची चौकशी झाली ती त्यांना पोसण्याचा खर्च कोणी उचलायचा हे ठरवण्यासाठी. घराण्याची आठवण राहावी म्हणून यांपैकी कोणीच काही लिहिले नाही. म्हणून प्रत्येक नोंद हाती आली की ती कोणी सांगितली, कोणी लिहिली आणि कशासाठी लिहिली, हे आधी विचारावे. नोंदीवर किती विश्वास ठेवायचा, हे या तीन उत्तरांवर ठरते.

सुरुवात जनगणनेपासून करू नये. आधी सासूबाईंचा जन्माचा दाखला आणि त्यांच्या आईवडिलांचा विवाहाचा दाखला मिळवावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, आणि विवाहाच्या दाखल्यावर वधू आणि वर या दोघांच्याही वडिलांचे नाव आणि व्यवसाय लिहिलेला असतो. (आयांची नावे मात्र ४ मे २०२१ पासूनच येऊ लागली, ही त्या व्यवस्थेतली मोठी उणीव होती.) आपण शोधत असलेले आजोबा त्या दाखल्यावर ‘कॉटन स्पिनर’ (सूत कातणारा) किंवा ‘वीव्हर’ (विणकर) म्हणून सापडले, तर घरातल्या आठवणीला पहिला लेखी आधार मिळेल.

त्यानंतर १९३९ चे रजिस्टर पाहावे. ही जनगणना नव्हे. युद्ध सुरू झाल्यावर ओळखपत्रे देण्यासाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी ही नोंद झाली. हिचे मोल असे की तिच्यात नुसते वय नाही, तर पूर्ण जन्मतारीख आहे. शिवाय हेच रजिस्टर पुढे आरोग्यसेवेने अनेक दशके वापरल्यामुळे लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावे त्यात वरून लिहिलेली दिसतात. १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळून गेली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे १९२१ ते १९५१ या काळासाठी एवढाच एक आधार उरतो. १९५१ ची जनगणना शंभर वर्षांच्या गोपनीयतेमुळे अजून बंद आहे.

१९२१ ची जनगणना १९ जून रोजी झाली. ती गिरणीकामगारांच्या वंशजांसाठी विशेष मोलाची आहे, कारण तिच्यात माणूस कोणाकडे कामाला होता आणि कामाचे ठिकाण कोणते होते हेही विचारले होते; ‘कापडगिरणीत होते’ या आठवणीला तिथे गिरणीचे नाव मिळू शकते. १९११ मध्ये आजोबा वीस-एकवीस वर्षांचे असतील, म्हणजे बहुधा आईवडिलांच्या घरीच सापडतील. त्या वर्षीचे कागद मला सर्वांत जवळचे वाटतात. त्याआधीच्या जनगणनांमध्ये घरोघरी भरलेले मूळ तक्ते नष्ट झाले आहेत आणि आपण वाचतो ती प्रगणकाने त्यांवरून उतरवलेली वही असते. १९११ चा तक्ता मात्र कुटुंबप्रमुखाच्याच हातचा टिकला आहे. शिवाय विवाहित स्त्रीला किती वर्षे संसार झाला, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली, हे त्यात विचारले होते. दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून गेलेले मूल कोणत्याही जनगणनेत दिसत नाही. त्याचे अस्तित्व या एका आकड्यावरून कळते आणि मग जन्म-मृत्यूच्या सूचीत त्याचे नाव शोधता येते. हे शोधणे टाळू नये. ती मुलेही त्याच घराण्याची आहेत.

आता आयत्या वंशवृक्षाविषयी. माझ्या सासऱ्यांच्या एका पूर्वजाचे उदाहरण तपशिलात सांगते, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. हा माणूस टॉडमॉर्डनचा. ३ एप्रिल १८८१ च्या जनगणनेत त्याचे वय ९ आणि जन्मस्थान ‘लँकेशायर, वॉल्सडेन’. ५ एप्रिल १८९१ ला वय १८ आणि जन्मस्थान ‘यॉर्कशायर, टॉडमॉर्डन’. ३१ मार्च १९०१ ला वय २८ आणि जन्मस्थान ‘लँकेशायर, टॉडमॉर्डन’. वरवर पाहता ही दोन वेगळी माणसे वाटतील. जन्माच्या दाखल्यावर तारीख फेब्रुवारी १८७२ ची आहे, म्हणजे पहिले वय बरोबर आणि पुढची दोन्ही एकेका वर्षाने कमी. एवढा फरक नेहमीचाच समजावा. जन्मस्थानाच्या घोळाचे कारण त्या गावाच्या भूगोलात आहे. लँकेशायर आणि यॉर्कशायर या दोन काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागांची, सीमा टॉडमॉर्डनच्या मधून जात असे. १८७५ साली उघडलेले तिथले टाउन हॉल त्या सीमेवरच उभे राहिले. १८८८ च्या कायद्यानंतर संपूर्ण गाव यॉर्कशायरमध्ये आले. वॉल्सडेन हे त्याच खोऱ्यातले, लँकेशायरच्या बाजूचे. सांगणाऱ्याने गाव बरोबर सांगितले. काउंटी मात्र कोणी आठवणीने सांगितली, तर कोणी प्रगणकाच्या समजुतीने लिहिली.

खरा पेच पुढे होता. १८७१ मध्ये या मुलाच्या वडिलांबरोबर पत्नी दिसते, वय २७, जन्म रॉचडेलचा. १८८१ मध्येही पत्नी दिसते, पहिले नाव तेच, पण वय ३३ आणि जन्म हेप्टनस्टॉलचा. दहा वर्षांत बाईचे वय सहाच वर्षांनी वाढले आणि जन्मगाव बदलले, तर तिथे थांबून विचार करायलाच हवा. जनगणनेत प्रत्येकाचे नाते फक्त कुटुंबप्रमुखाशी लिहिले जाते. ‘पत्नी’ आणि ‘मुलगा’ एका घरात शेजारी-शेजारी लिहिलेले असले, तरी ती त्या मुलाची आई आहे असे जनगणना कुठेही म्हणत नाही. जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव होते. १८७५ मध्ये तिच्या मृत्यूची नोंद सापडली आणि १८७७ मध्ये वडिलांच्या दुसऱ्या विवाहाची. त्या दाखल्यावर त्यांच्यापुढे ‘विधुर’ असे लिहिलेले आहे. दोघी बायकांचे पहिले नाव योगायोगाने एकच होते. संकेतस्थळावरच्या एका वंशवृक्षात मात्र दुसऱ्या पत्नीलाच आई मानून तिच्या माहेरची शाखा थेट सतराव्या शतकापर्यंत नेलेली होती, आणि त्याच्या नकला आणखी कितीतरी झाडांवर चिकटल्या होत्या. एकाच झाडाची नक्कल पाचजणांनी केली म्हणून पुरावे पाच होत नाहीत. आपल्याला मिळालेला वृक्ष टाकून देऊ नका, पण त्याचा उपयोग कुठे शोधायचे हे कळण्यापुरता करा. प्रत्येक पिढीचा सांधा दाखल्याने किंवा पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) नोंदीने जुळल्याशिवाय पुढची पिढी स्वीकारू नका.

हा सांधा जुळवायला जन्म-मृत्यूची सूची फार उपयोगी पडते. मुख्य नोंदणी कार्यालयाच्या आताच्या ऑनलाइन सूचीत अगदी १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या उत्तरार्धापासूनच मिळते. नोंदी तिमाहीप्रमाणे लावलेल्या असतात आणि ती तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे, हे ध्यानात ठेवावे: मार्चच्या शेवटी जन्मलेले मूल जूनच्या तिमाहीत सापडू शकते. फ्रीबीएमडी हे स्वयंसेवकांनी चालवलेले मोफत साधन आणि लँकेशायरच्या स्थानिक नोंदणी कार्यालयांवरून तयार झालेले लँकेशायरबीएमडी हे दोन्ही पडताळून पाहावेत. त्या भागात आडनावांची पुनरावृत्ती इतकी आहे की नुसत्या नावावर जाणे धोक्याचे ठरते. टॉडमॉर्डनच्या आसपास ग्रीनवूड आणि सटक्लिफ या आडनावांची कुटुंबे गल्लोगल्ली सापडतात. अशा वेळी आईचे माहेर आणि वडिलांचा व्यवसाय हेच वेगळे ओळखण्याचे साधन असते.

याच रीतीने १९०१, १८९१ असे मागे जात १८५१ पर्यंत जाता येते. १८५१ पासून वय, नाते आणि जन्माचे पॅरिश नीट लिहिलेले आहे. मात्र मँचेस्टर, ओल्डहॅम आणि आसपासची १८५१ ची काही पुस्तके पाण्याने खराब झाली होती. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या कौटुंबिक इतिहास संस्थेच्या स्वयंसेवकांनी चिकाटीने ती जेवढी वाचता आली तेवढी उतरवून काढली, आणि त्यांचे हे काम मला फार मोठे वाटते. १८४१ ची जनगणना, म्हणजे नावांसह देशभर टिकलेली पहिली, खूपच त्रोटक आहे. तिच्यात नाते लिहिलेले नाही, पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणण्याची सूचना होती, आणि जन्मस्थानाच्या जागी ‘याच काउंटीत जन्म झाला का’ याचे फक्त होय-नाही उत्तर आहे. १८४१ मध्ये ४० वर्षांचा दिसणारा माणूस ४४ वर्षांचाही असू शकतो. म्हणूनच १८५१ पर्यंत हयात असलेला पूर्वज सापडला, तर शोध बराच सोपा होतो: त्याने सांगितलेले जन्मगाव आपल्याला १८३७ च्या मागे, काउंटीच्या दप्तरात घेऊन जाते.

काउंटी रेकॉर्ड ऑफिस म्हणजे त्या काउंटीचे अभिलेखागार. लँकेशायरचे प्रेस्टनमध्ये आहे, वेस्ट यॉर्कशायरचे मुख्य केंद्र वेकफिल्डला. पॅरिशच्या नोंदवह्या १५३८ च्या आदेशाने सुरू झाल्या, पण फार थोड्या ठिकाणी तितक्या जुन्या टिकल्या आहेत. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सर्वांना अधिकृत चर्चमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच, विवाह करावा लागे. म्हणून बाप्टिस्ट किंवा मेथडिस्ट अशा वेगळ्या पंथाच्या कुटुंबाचे विवाह तिथे सापडतात, पण मुलांचे बाप्तिस्मे त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनागृहांच्या वह्यांत शोधावे लागतात. लँकेशायरच्या अनेक पॅरिशांच्या नोंदी ऑनलाइन पॅरिश क्लार्क या मोफत प्रकल्पात मिळतात. इथेही आजच्या नकाशावर विसंबू नये, कारण १९७४ मध्ये काउंट्यांच्या सीमा मोठ्या प्रमाणात बदलल्या, आणि पॅरिशच्या हद्दी तर त्याहून जुन्या होत्या. टॉडमॉर्डनचा वॉल्सडेनकडचा भाग रॉचडेलच्या पुरातन पॅरिशमध्ये होता आणि स्टॅन्सफील्ड, लँगफील्ड हे भाग हॅलिफॅक्सच्या. एकाच खोऱ्यातल्या दोन भावांच्या नोंदी त्यामुळे दोन वेगळ्या धर्मप्रांतांत गेल्या.

या अभिलेखागारांतला माझ्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे गरिबांच्या कायद्याचे कागद. १६६२ च्या कायद्यानुसार, मदतीची वेळ येईल असे दिसले की माणसाला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत पाठवता येत असे, आणि तो हक्क कुठला हे ठरवण्यासाठी न्यायाधीशांपुढे त्याची जबानी होई. आपला जन्म कुठे झाला, कोणाकडे किती वर्षे चाकरी केली, शिकाऊ म्हणून उमेदवारी कुठे केली, लग्न कधी झाले, मुले किती, हे सारे एखाद्या निरक्षर मजुराच्या तोंडून ऐकून कारकुनाने उतरवलेले असते आणि खाली सहीच्या जागी त्याने काढलेली फुली असते. जमीनदारांच्या वंशावळी सगळीकडे मिळतात. मजुराने सांगितलेले स्वतःचे आयुष्य मात्र बहुधा याच कागदांत मिळते. हे सगळे कागद ऑनलाइन नाहीत, म्हणून अभिलेखागाराच्या सूचीत पॅरिशच्या नावाने शोधावे आणि प्रतीसाठी लेखी विनंती करावी.

खर्चाविषयी एवढेच सांगते की १८८१ ची संपूर्ण जनगणना स्वयंसेवकांनी उतरवलेली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती मोफत शोधता येते. फाइंडमायपास्ट आणि अ‍ॅन्सेस्ट्री या वंशशोधाच्या संकेतस्थळांची वर्गणी लागते, पण ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत ती विनामूल्य पाहता येतात. आपले कोणी नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना एक दुपार बसायला सांगावे. उतरवलेल्या मजकुरावर न थांबता मूळ पानाचे चित्र नेहमी उघडावे आणि शेजारची दोन-तीन घरेही वाचावीत, कारण आजोळची आणि चुलत घराण्यातली माणसे पुष्कळदा त्याच रस्त्यावर राहत असत.

सासूबाईंच्या आईवडिलांच्या विवाहाचा दाखला आणि १९३९ ची नोंद मिळाली की आजोबांची जन्मतारीख हाती येईल, आणि त्यावरून १९२१ किंवा १९११ च्या जनगणनेत त्यांचे जन्मगाव सापडेल. ते गाव इथे टिप्पणीत लिहा. प्रेस्टन, रॉचडेल की टॉडमॉर्डन, यावर पुढचे कागद कोणत्या अभिलेखागारात मागायचे ते ठरेल, आणि वेस्ट यॉर्कशायरच्या बाजूचे काही निघाले तर मी स्वतः जाऊन पाहीन.