‘स्टर्लिंग’ हे विशेषण योजताना
निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी आपण लिहिलेल्या इंग्रजी मानपत्रात ‘स्टर्लिंग’ हे विशेषण त्यांच्या पेहरावाला लावले आहे, तेवढे बदलावे. हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे, या इंग्लंडमधील जुन्या नाण्यांच्या प्रतीवरून हा शब्द पुढे माणसाच्या गुणांना लागू झाला, म्हणून त्यात झळाळीपेक्षा कस अधिक आहे. आपल्या ‘बावनकशी’चा तो जवळचा नातलगच म्हणा ना. दीर्घ सेवा, चोख काम, सचोटी यांनाच तो शोभतो. ‘स्टर्लिंग सर्व्हिस’ असा तो शक्यतो नामाआधी ठेवावा. त्याच्याआधी ‘व्हेरी’ मात्र जोडू नये. ‘फार बावनकशी’ असे आपणही म्हणत नाही.