पीएचडी की कन्सल्टन्सी? सामायिक वाहतुकीत येऊ पाहणाऱ्यासाठी

दोन वर्षं डेटाचं काम केलंय, आता शाश्वत आणि सामायिक वाहतुकीत (भाड्याच्या सायकली, अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या गाड्या वगैरे) यायचंय, आधी पीएचडी करू की सरळ कन्सल्टन्सीत शिरू, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्हीकडे राहिलोय. आधी दोन-तीन वर्षं कन्सल्टन्सीत काढा. पीएचडी कुठे पळून जात नाही, आणि प्रश्न हातात नसताना केलेली पीएचडी फार लांबते.

या कामात सगळं एका प्रश्नापाशी येऊन अडतं: ही सोय नसती तर माणूस कसा गेला असता? माझ्या पहिल्या कामात भाड्याच्या सायकलींचा सर्व्हे होता. मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं, ‘सायकलमुळे तुमचा गाडीचा वापर कमी झाला का?’ चाचणी फेरीत बहुतेकांनी ‘हो’वर खूण केली. मी खूश. आमच्या सीनियर बाईंनी पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘आजची ही फेरी सायकल नसती तर कशी केली असती?’ खाली पर्याय: चालत, बसने, स्वतःच्या गाडीने, गेलोच नसतो. नव्या फॉर्मवर सगळ्यात जास्त खुणा ‘चालत’ आणि ‘बसने’वर पडल्या. क्लायंटने तो तक्ता परिशिष्टात ढकलला, ते वेगळं. (परिशिष्टं वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.)

म्हणून पायथॉनच्या आणखी एका कोर्सऐवजी निवडीची मॉडेल्स शिका, म्हणजे समोरच्या पर्यायांतून माणूस कोणता निवडेल याचा अंदाज बांधणारी; त्यातल्या लॉजिट या प्रकारापासून सुरुवात करा. अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांच्या गटाने अशाच मॉडेलने सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे सुरू होण्याआधीच कामावर जाणाऱ्यांतले ६.३ टक्के लोक ती वापरतील असा अंदाज बांधला होता, प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दर वेळी आकडा इतका जुळत नाही, पण मॉडेल कुठे चुकलं हे तरी दाखवता येतं.

जीटीएफएस (बस-रेल्वेची वेळापत्रकं आणि थांबे) आणि जीबीएफएस (भाड्याच्या सायकली कुठे किती उपलब्ध आहेत) या ठरावीक साच्यातल्या डेटाच्या फाइली उघडून बघा, आठवड्याभरात जमतील.

करार वाचायला मात्र वेळ द्या. पॅरिसची ऑटोलिब ही भाड्याच्या विजेवरच्या गाड्यांची सेवा २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंद पडली. तोटा कोणी भरायचा, यावरून चालवणारी कंपनी आणि पालिका यांचं फिसकटलं. तिकडे स्वित्झर्लंडमधली मोबिलिटी ही सामायिक गाड्यांची सहकारी संस्था १९९७ पासून चालू आहे. तिथे गाडी वापरणाऱ्यांपैकी बरेच जण संस्थेचे सभासदही असतात. गाड्या कुठेही मिळतात हो, पैशाची मांडणी बघायला शिका.

कन्सल्टन्सीत निम्मा वेळ प्रस्ताव आणि मीटिंगांत जातो, हेही धरून चला. मुलाखतीला गेलात की एकच विचारा: क्लायंटला न आवडलेला निष्कर्ष तुम्ही शेवटचा कधी लिहिलात? उत्तर द्यायच्या आधी समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर दुसरीकडे अर्ज करा.