दाताच्या डॉक्टरकडची पहिली खेप

तुमचा मुलगा अडीच वर्षांचा, त्याला अजून एकदाही दाताच्या डॉक्टरकडे नेलं नाही, उशीर झाला का, असं तुम्ही विचारलंत. उशीर झाला असं मुळीच मानू नका. पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत दाखवावं असं दंतवैद्य सांगतात खरं, पण आमची थोरली तीन वर्षांची होईपर्यंत आम्हीही गेलो नव्हतो.

एक चूक मात्र टाळा. मी तिला निघताना दहादा म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं!" तोवर तिच्या डोक्यात दुखण्याचा विषयच नव्हता. तो मीच घातला. धाकट्याच्या वेळी एवढंच सांगितलं, "डॉक्टर तुझे दात मोजणार." इंजेक्शन, सुई हे शब्द घरात काढलेच नाहीत. आणि "ब्रश केला नाहीस तर डॉक्टरकडे नेईन" ही धमकी आजी-आजोबांनाही बंद करायला सांगा!

आधी चार-पाच दिवस खेळ खेळा. त्याला मांडीवर आडवं घ्या, "आ" करायला लावा, चमच्याच्या दांड्याने दात मोजा. मग बाहुलीचे त्याला मोजू द्या. दुधाचे दात एकूण 20, या वयात मागच्या दाढा कदाचित यायच्या असतील.

वेळ सकाळची घ्या, झोप आणि पोट दोन्ही भरलेलं असताना. लहान मुलांना बरेचदा पालकाच्या मांडीवरच तपासतात, तसं चालेल का ते आधी फोनवर विचारा. रडला तर रडू द्या. रडताना तोंड उघडंच असतं, डॉक्टरांचं काम होतं.