चिटोसान, रेशीम, अंड्यातलं पांढरं असल्या पदार्थांपासून मेंदूसारखी, वाकणारी चिप खरंच बनते का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला घेऊ का?

बनते. मी बनवलीये. म्हणजे अख्खी चिप नाही, एक मेमरिस्टर (आधी किती करंट गेला ते लक्षात ठेवणारा रेझिस्टर), कोळंबीच्या टरफलांतून निघणाऱ्या चिटोसानचा, आणि फेब्रुवारीत तो असा काही चालला की मी लॅबमधूनच आईला फोन केला. ती म्हणाली, टरफलंच हवी होती तर इथून पाठवली असती की.

विषय खोटा नाही हे आधी सांगतो. मेंदू जेमतेम २० वॉटवर चालतो आणि त्याचं काम आयनांच्या जिवावर. चिटोसानमधूनही आयन सरकतात, आणि सरकलेला आयन लगेच जागेवर येत नाही, म्हणून लागोपाठ दोन पल्स दिले की दुसऱ्याला करंट जास्त मिळतो, मेंदूतल्या दोन पेशींमधल्या जोडासारखा, म्हणजे सिनॅप्ससारखा. २०२२ मधे अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांनी तर मधाचा मेमरिस्टर केला.

आता माझं रडगाणं. चिटोसान पातळ ॲसिटिक ॲसिडमधे रात्रभर ढवळायचं (लॅबला लोणच्याच्या व्हिनेगरचा वास), आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक थर) लावलेल्या प्लास्टिकवर स्पिन कोट करायचं (गरगर फिरवून पातळ फिल्म बनवायची), सुकवायचं, वर चांदीचे ठिपके. व्होल्टेज दिलं की चांदीचे आयन फिल्ममधून जाऊन बारीक तार बनवतात, डिव्हाइस ऑन. उलटं दिलं की तार तुटते, ऑफ. उन्हाळाभर ऑन-ऑफच्या आलेखाचे मस्त लूप आले. जुलैत तेच डिव्हाइस, तीच रेसिपी, आणि एकदा ऑन झालं की ऑफ व्हायचं नावच नाही. पंधरा दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या, मग आर्द्रता मोजायला साडेतीनशे रुपयांचं हायग्रोमीटर आणलं. आकडा ८७ टक्के! रात्रभर डेसिकेटरमधे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात, ठेवलं की सकाळी डिव्हाइस शहाण्यासारखं वागायचं, बाहेर काढून वीस मिनिटं झाली की परत तेच. फिल्म हवेतलं पाणी पिऊन फुगत होती, चांदीला रान मोकळं.

सरांना दाखवलं. म्हटलं पेपरमधे आर्द्रता लिहूया, हीच तर खरी गोष्ट आहे. सर म्हणाले, "डेसिकेटरमधून काढ, लगेच मोज आणि रूम टेम्परेचर लिही." मी म्हटलं सर, रूम जुलैतली का मेमधली? ते आवडलं नाही. पेपर आला, त्यात आर्द्रतेचा शब्द नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे, ज्या पेपरमधे आर्द्रता दिलेली नाही तो वाचून बाजूला ठेवा. ज्या पाण्यामुळे हे पदार्थ आयन वाहतात तेच पाणी त्यांना बुडवतं, आणि हे लपवून "निसर्गाची देणगी" वगैरे लिहिणं म्हणजे फसवणूक आहे. "वाकणारी"चंही तसंच. चिटोसान वाकतं हो, पण खालचा आयटीओ काचेसारखा ठिसूळ. मी पट्टी पेनाभोवती गुंडाळली आणि भिंगातून पाहिलं तर शेतातल्या भेगांसारख्या भेगा. आणि प्लास्टिकवर चांदी लावून त्याला "विघटनशील" म्हणायचं, यावरूनही आमचं वाजलेलं आहे.

बाकी, सगळंच वाईट नाही. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने क्रॉसलिंक केलं (रेणू एकमेकांना बांधले) तर फुगणं कमी होतं, वरून पॅरिलीनचा (ओलावा अडवणाऱ्या प्लास्टिकचा) थर देता येतो. शरीरात काही दिवस काम करून विरघळून जावं अशी वस्तू हवी असेल तर रेशमासारखं दुसरं काही नाही. शिवाय मी आता सोलर इन्व्हर्टरच्या सर्व्हिसमधे आहे, गेल्या चार वर्षांतलं फारसं वाचलेलं नाही, तेवढं धरून चाला.

प्रोजेक्ट घ्या. पण पहिला बॅच जुलैत करा, आणि गाइड निवडताना त्यांच्या लॅबमधे हायग्रोमीटर आहे का बघून घ्या. एका लॅबमधे खिडकीजवळच्या ड्रॉवरमधे एक आहे. ते माझं आहे, सर वाचत असतील तर कुरिअर करा.