निकाल तेच, प्लेऑफ वेगळे : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे एनएफएलचे आहेत. शेवटचा गोव्याहून आलेला, आपल्या नेहमीच्या फुटबॉलचा. उत्तरांत ११-१-२ असं दिसलं तर ११ विजय, १ पराभव, २ बरोबरी असं वाचावं.

प्रश्न : जुन्या हंगामाला वेगळी प्लेऑफ पद्धत लावून पाहायची आहे. सुरुवात कुठून करू? (पुणे)

हंगामाचा अंतिम तक्ता घ्या आणि साखळीतले निकाल जसेच्या तसे ठेवा. मग एका वेळी एकच नियम बदला. प्लेऑफचे (साखळीनंतरच्या बाद फेरीचे) नियम तीन प्रकारचे असतात : आत कोण येणार, कोणाची गाठ कोणाशी पडणार, आणि सामना कोणाच्या मैदानावर होणार. तिन्ही एकदम बदलले की फरक नेमका कशामुळे पडला ते कळत नाही. बहुतेकांची गणितं इथेच बिघडतात.

त्यानंतर बरोबरीचे सामने. १९७२ पूर्वी एनएफएल विजयाची टक्केवारी काढताना बरोबरी धरतच नसे. त्या वर्षापासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव. हा फरक किरकोळ वाटतो, पण १९३२ चा तक्ता पाहा. शिकागो बेअर्स ६-१-६, पोर्ट्समथ स्पार्टन्स ६-१-४, ग्रीन बे पॅकर्स १०-३-१. बरोबरी वगळली की पहिल्या दोघांचे ०.८५७ आणि पॅकर्सचे ०.७६९. म्हणून बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यात एक जादा सामना झाला. बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे तो शिकागो स्टेडियमच्या छताखाली आखूड मैदानावर खेळवला गेला आणि बेअर्स ९-० जिंकले. तो सामना साखळीतच धरल्यामुळे हरलेले स्पार्टन्स ६-२-४ होऊन थेट तिसरे गेले. आता जादा सामन्यापूर्वीच्या तक्त्याला १९७२ चा नियम लावा : पॅकर्स ०.७५०, स्पार्टन्स ०.७२७, बेअर्स ०.६९२. विजेतेपद ग्रीन बेचं, तेही सलग चौथं, कारण १९२९, १९३० आणि १९३१ त्यांनी आधीच जिंकली होती. शिवाय जादा सामन्याची गरजच उरत नाही. त्या सामन्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे पुढच्या वर्षी दोन डिव्हिजन (संघांचे गट) आणि अंतिम सामना सुरू झाला, हे लक्षात घेतलं तर एका अपूर्णांकाने किती काय हलतं ते दिसेल.

आणखी दोन जागी पाय घसरतो. एक, टायब्रेकर (बरोबरीतल्या संघांचा क्रम लावायचे निकष) त्या वर्षीचे वापरणार की आजचे, हे आधीच ठरवून ठेवा. आजच्या नियमांनी वाइल्ड कार्डसाठी (डिव्हिजन न जिंकलेल्यांना मिळणाऱ्या प्लेऑफच्या जागेसाठी) तीन-चार संघ बरोबरीत असतील, तर आधी प्रत्येक डिव्हिजनमधला एकच संघ शिल्लक ठेवायचा. एक जागा भरली की उरलेल्यांची तुलना पहिल्या निकषापासून पुन्हा करायची. लोक एकदाच क्रम लावून मोकळे होतात आणि चुकीचा संघ आत घेतात. दोन, १९७० ते १९८९ या काळात एकाच डिव्हिजनचा विजेता आणि वाइल्ड कार्ड संघ उपांत्य फेरीआधी समोरासमोर येऊ शकत नसत. त्या वर्षांच्या जोड्या लावताना ही अट विसरू नका.

प्रश्न : १९६७ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स फक्त एक सामना हरूनही प्लेऑफबाहेर राहिले. दुसऱ्या कोणत्या पद्धतीत ते आत आले असते? (न्यू जर्सी)

या खेळासाठी याहून चांगला हंगाम नाही. त्या वर्षी एनएफएलने १६ संघांचे चार डिव्हिजन केले आणि फक्त चार विजेत्यांना प्लेऑफमध्ये घेतलं. कोस्टल डिव्हिजनमध्ये रॅम्स ११-१-२ आणि कोल्ट्सही ११-१-२. त्यांचा आपसातला पहिला सामना २४-२४ बरोबरीत सुटला होता आणि शेवटच्या दिवशी रॅम्स ३४-१० जिंकले. कोल्ट्सचा हंगामातला तो एकमेव पराभव, आणि त्यानेच ते घरी. आत गेलेले बाकीचे तिघे : पॅकर्स ९-४-१, काउबॉईज ९-५, ब्राउन्स ९-५.

पहिला पर्याय, एक वर्ष मागचा नियम. १९६६ पर्यंत ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोनच कॉन्फरन्स (लीगचे दोन मोठे विभाग) होत्या, दोन विजेते अंतिम सामना खेळत, आणि अव्वल स्थानी बरोबरी झाली तर एक जादा सामना होई. १९६५ मध्ये पॅकर्सनी कोल्ट्सना असंच अतिरिक्त वेळेत १३-१० हरवलं होतं. हा नियम १९६७ ला लावला तर पूर्वेकडे काउबॉईज आणि ब्राउन्स दोघेही ९-५, म्हणजे त्यांच्यात जादा सामना. प्रत्यक्षातही प्लेऑफमध्ये हेच दोघे भिडले आणि काउबॉईज ५२-१४ जिंकले, म्हणजे तिथे काहीच बदलत नाही. पश्चिमेकडे मात्र जादा सामना रॅम्स आणि कोल्ट्स यांचा होतो आणि पॅकर्स साफ बाहेर पडतात. मग ३१ डिसेंबर १९६७ ला उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये ग्रीन बेला झालेला तो प्रसिद्ध 'आइस बोल' नाही, पॅकर्सचं सलग तिसरं विजेतेपद नाही आणि दुसऱ्या सुपर बोलमधला (लीग विजेत्यांच्या अंतिम सामन्यातला) त्यांचा विजयही नाही. हे सगळं डिव्हिजनची संख्या दोनाची चार केल्यामुळे घडलं.

दुसरा पर्याय, प्रत्येक कॉन्फरन्समधून एक वाइल्ड कार्ड. कोल्ट्स आत येतात, पण पूर्वेकडूनही कोणी तरी घ्यावं लागतं, आणि तिथे उरलेल्यांत सर्वांत वर ७-७ चे जायंट्स आहेत. एका चांगल्या संघाला न्याय देताना एक साधारण संघ सोबत येतो. प्लेऑफ वाढवण्याची किंमत जवळपास दर वेळी हीच असते. रॅम्सना पहिल्या फेरीत सुट्टी दिली तर कोल्ट्स ग्रीन बेला जातात. साखळीत त्यांनी पॅकर्सना १३-१० हरवलेलं होतं, त्यामुळे ही लढत एकतर्फी समजू नका.

तिसरा पर्याय सर्वांत साधा : संघ तेच, फक्त मैदान चांगल्या कामगिरीवाल्याचं. तेव्हा यजमानपद डिव्हिजननुसार आळीपाळीने आधीच ठरलेलं असे, म्हणून ११-१-२ चे रॅम्स ९-४-१ च्या पॅकर्सकडे मिलवॉकीला गेले आणि २८-७ हरले. दोनच आठवड्यांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये रॅम्स त्यांच्याशी २७-२४ जिंकले होते. आमच्या मते १९६७ ची खरी चूक ही होती. कोल्ट्स बाहेर राहिले ते निदान मैदानावर हरून.

ज्यांना दुसऱ्या क्रमांकाला संधी देणंच मान्य नाही, त्यांनी १९६९ ची एएफएल (एनएफएलची तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग) पाहावी. तोवर दोन विभागांचे विजेते थेट अंतिम सामना खेळत. त्या एका वर्षी दुसऱ्या क्रमांकाचे संघही घेतले आणि जोड्या आडव्या लावल्या : एका विभागाचा पहिला, दुसऱ्याचा दुसरा. ह्यूस्टन ६-६-२ वर आले आणि ओकलँडकडून ५६-७ असा मार खाऊन गेले. पण त्याच दारातून कॅन्सस सिटी चीफ्सही आले. साखळीत ओकलँडकडून दोनदा हरलेल्या या संघाने आधी जेट्सना १३-६, मग ओकलँडला १७-७ आणि शेवटी सुपर बोलमध्ये व्हायकिंग्जना २३-७ हरवलं. आदल्या वर्षीची पद्धत ठेवली असती तर चीफ्सचा हंगाम साखळीतच संपला असता.

प्रश्न : १९७२ चे अपराजित मायामी डॉल्फिन्स कॉन्फरन्सचा अंतिम सामना परक्या मैदानावर का खेळले? नियम वेगळा असता तर? (नागपूर)

कारण तीच आळीपाळी. कामगिरीनुसार मैदान १९७५ पासून मिळू लागलं. म्हणून १४-० चे डॉल्फिन्स ११-३ च्या स्टीलर्सकडे पिट्सबर्गला गेले आणि २१-१७ जिंकले. या उदाहरणाचा फार बोलबाला होतो, पण पर्यायी इतिहासासाठी ते कमी उपयोगाचं. कामगिरीनुसार क्रम लावा : मायामी १४-०, पिट्सबर्ग ११-३, ओकलँड १०-३-१ आणि वाइल्ड कार्ड क्लीव्हलँड १०-४. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा, म्हणजे मायामी-क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग-ओकलँड. प्रत्यक्षात याच जोड्या होत्या आणि याच मैदानांवर. बदलतं ते फक्त शेवटच्या सामन्याचं ठिकाण, आणि तो तर मायामीने तसाही जिंकला.

त्याच वर्षी एनएफसी (दुसरी कॉन्फरन्स) जास्त रंगतदार आहे. वॉशिंग्टन ११-३, ग्रीन बे १०-४, सॅन फ्रान्सिस्को ८-५-१, वाइल्ड कार्ड डॅलस १०-४. पहिल्याची गाठ चौथ्याशी घालावी तर वॉशिंग्टन आणि डॅलस एकाच डिव्हिजनचे, म्हणजे मनाई. मग वॉशिंग्टनकडे सॅन फ्रान्सिस्को येतात आणि डॅलस ग्रीन बेला जातात. दोन्ही जोड्या प्रत्यक्षाहून वेगळ्या.

प्रश्न : २०१० मध्ये डिव्हिजन जिंकल्यामुळे ७-९ चे सिअॅटल सीहॉक्स यजमान आणि ११-५ चे न्यू ऑर्लिन्स सेंट्स पाहुणे! सामना उलट्या मैदानावर झाला असता तर निकाल काय लागला असता, हे मोजता येतं का? (ठाणे)

निकाल नाही, पण शक्यता मोजता येते. साखळीतला गुणफरक घ्या आणि सामन्यांच्या संख्येने भागा. सीहॉक्स : ३१० केले, ४०७ दिले, म्हणजे १६ सामन्यांत उणे ९७, सामन्यामागे उणे ६.१. सेंट्स : ३८४ आणि ३०७, सामन्यामागे अधिक ४.८. फरक १०.९. घरच्या मैदानाचे त्या काळात साधारण २.५ गुण धरावेत. सिअॅटलमध्ये सेंट्सची आघाडी ८.४ उरते, न्यू ऑर्लिन्समध्ये ती १३.४ होते.

एनएफएलमध्ये अपेक्षित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांच्यातलं प्रमाण विचलन, म्हणजे नेहमीचा चढउतार, साधारण १३.५ गुणांचं असतं. आघाडीला १३.५ ने भागा आणि सामान्य वितरणाच्या तक्त्यात पाहा. तक्ता हाताशी नसेल तर ३ गुणांची आघाडी ५९ टक्के, ७ गुणांची ७०, १० गुणांची ७७ आणि १४ गुणांची ८५. या हिशेबाने सेंट्सची शक्यता सिअॅटलमध्ये ७३ टक्के, आपल्या मैदानावर ८४.

हे आकडे थोडे फुगलेले आहेत. १६ सामने म्हणजे लहान नमुना, त्यात नशिबाचा वाटा बराच. म्हणून दोन्ही सरासऱ्या एक तृतीयांशाने कमी करून पुन्हा मोजा : ६४ आणि ७६. दोन्ही पद्धतींत मैदानाचा परिणाम ११-१२ टक्क्यांचा, आणि एका सामन्यासाठी तो पुष्कळ झाला. प्रत्यक्षात सीहॉक्स ४१-३६ जिंकले.

डिव्हिजनचा मान अजिबातच राखायचा नसेल तर सिअॅटल बाहेर जातं आणि १०-६ करूनही घरी बसलेल्या जायंट्स किंवा बकेनिअर्सपैकी एकाला जागा मिळते. मात्र डिव्हिजन जिंकण्याला काहीच किंमत न ठेवणं आम्हाला पटत नाही. त्यांना आत घ्या, फक्त घरचं मैदान देऊ नका.

प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघांची आजची पद्धत मागे नेणाऱ्यांनी एक खर्च विसरू नये. २००८ चे पेट्रियट्स ११-५ असून बाहेर राहिले होते. सातवी जागा त्यांना मिळते, पण दुसऱ्या क्रमांकाच्या स्टीलर्सची पहिल्या फेरीची सुट्टी जाते आणि पेट्रियट्स त्यांच्याच दारात येतात. त्या वर्षी सुपर बोल स्टीलर्सनी जिंकला होता.

प्रश्न : १९८२ च्या संपाच्या हंगामात १६ संघ का घेतले? नेहमीचे दहा चालले नसते? (नाशिक)

चालले असते, पण भांडणं वाढली असती. प्रत्येकी नऊच सामने झाले, आणि एकाच डिव्हिजनमधले काही संघ एकमेकांशी पुरेसे खेळलेलेच नव्हते. डिव्हिजनचा विजेता ठरवायला आधार नाही, म्हणून डिव्हिजन बाजूला ठेवून प्रत्येक कॉन्फरन्समधून आठ घेतले. त्यात ४-५ चे ब्राउन्स आणि लायन्सही आले. नेहमीचे पाच घ्यायचे म्हटलं तर एनएफसीमध्ये ५-४ चे चार संघ होते आणि त्यांच्यासाठी दोनच जागा. नऊ सामन्यांवर तो टायब्रेकर कोणालाही पटला नसता.

प्रश्न : आयएसएल २०१९-२० मध्ये एफसी गोवा अव्वल असूनही अंतिम सामन्यात पोचला नाही. नंतरची सहा संघांची पद्धत असती तर? (मडगाव)

तेव्हाचा तक्ता : गोवा ३९, एटीके ३४, बेंगळुरू ३०, चेन्नईयिन २९, मुंबई सिटी २६, ओडिशा २५. पहिले चार आत आले आणि उपांत्य फेरी दोन लेगांची झाली. गोवा चेन्नईत १-४ हरला, घरच्या फातोर्ड्यात ४-२ जिंकला, एकूण ५-६ ने बाहेर.

२०२२-२३ मध्ये आलेल्या पद्धतीत पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जात. तिसरा-सहावा आणि चौथा-पाचवा यांच्यात एकेक सामना वरच्या संघाच्या मैदानावर होई. म्हणजे मुंबई सिटीला संधी मिळते, चेन्नईत जाऊन. तो सामना जिंकणारा गोव्यासमोर येतो, त्यामुळे चेन्नईयिनशीच गाठ पडण्याची शक्यता कायम राहते. गोव्याच्या पदरात काही पडत नाही. उलट चेन्नईयिनवर एका जादा सामन्याचा थकवा येतो, एवढाच काय तो लाभ.

गोव्याच्या चाहत्यांनी आयपीएलची पद्धत लावून पाहावी. पहिला विरुद्ध दुसरा, म्हणजे गोवा-एटीके, जिंकणारा थेट अंतिम फेरीत. हरणाऱ्याला आणखी एक संधी, बेंगळुरू-चेन्नईयिनच्या विजेत्याशी. ही पद्धत अव्वल संघाला एक पराभव माफ करते.

एक मोह मात्र टाळा. 'एकच सामना फातोर्ड्यात असता तर गोवा ४-२ जिंकला असता' असं म्हणू नका. त्या दिवशी गोवा तीन गोलांची पिछाडी भरून काढायला उतरला होता आणि चेन्नईयिनला ती आघाडी सांभाळायची होती. ०-० पासून सुरू होणाऱ्या सामन्यात दोघेही तसे खेळले नसते.