बाळंतिणीचं रडू: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाळंत होऊन दीड महिना झाला, मुलगी आहे. रोज रडू येतं, तिला जवळ घ्यावंसं वाटत नाही. ती झोपली तरी माझा डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही बाळंतपणातही विड्या वळल्या, तुझीच नाटकं. मी वाईट आई आहे का? (विडी घरकुल)

नाही, ताई. तुम्ही आजारी आहात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच बाळंतिणींना रडू येतं, पण ते दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं दीड महिना चाललंय आणि बाळ शांत निजलेलं असतानाही झोप नाही, हे लक्षण मी फार गांभीर्यानं घेतो. प्रसूतीनंतर हार्मोन्स एकदम उतरतात, त्यात जागरण, आणि मुलगी झाली म्हणून टोमणे असतील तर तेही. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सुमारे २२ टक्के बाळंतिणींमध्ये बाळंतपणानंतरचं हे नैराश्य आढळलं. म्हणजे पाचातली एक. तुमच्या गल्लीतही असेल, बोलत नसेल इतकंच.

सिव्हिलला मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढा. दहा साध्या प्रश्नांची चाचणी असते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, त्यांच्या बिघाडानंही असाच थकवा येतो. एक विनंती घरच्यांना. मी बाईला विचारतो, 'झोप कशी आहे?' आणि उत्तर शेजारून सासूबाई देतात. बाई पदराचं टोक पिळत खाली बघत राहते. तिला एकटीला दहा मिनिटं बोलू द्या. जीव द्यावासा वाटत असेल, तर ते ती सगळ्यांसमोर सांगणार नाही. आणि ताई, तसं मनात येत असेल तर आजच या.

प्रश्न : पत्नीला सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी दिलीय. आई म्हणते, अंगावरचं दूध बिघडेल, गोळी बंद कर. (जुळे सोलापूर)

बंद करू नका. हे औषध दुधात फारच कमी उतरतं, म्हणून स्तनपान करणाऱ्या आईला आम्ही बहुतेकदा हेच देतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावं लागतं. रात्री बाळाचं एक दूध तुम्ही पाजा, आधी काढून ठेवलेलं चालतं. तिला सलग चार-पाच तास झोप मिळू द्या. डिंकाच्या लाडवांइतकीच तिला झोपेची गरज आहे.

प्रश्न : भाची माहेरी आलीय, बाळ वीस दिवसांचं. दोन रात्री झोपलेली नाही, सारखी बडबडते, 'हे बाळ माझं नाही, बदललंय' म्हणते. घरचे देवऋषाकडे न्यायचं म्हणतात. (मोहोळ)

मावशी, वाचताक्षणी निघा. ही तातडीची अवस्था आहे. हजारात एक-दोघींना होते, वेळेवर उपचार मिळाले तर पूर्ण बरी होते. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण सिव्हिलला आजच पोचा. तोवर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका.

प्रश्न : धाकट्या बहिणीचं लग्न जमवायचंय, म्हणून उपचार लपवायचे का? (बार्शी)

उपचार टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दवाखान्याची पायरी चढायला आज धीर होत नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. रात्री-बेरात्री, मराठीतून, मोफत.