वंशावळीतील चूक कोणाला कळवावी?

प्रश्न : आमच्या कुळाची वंशावळ तयार करणाऱ्या चुलतकाकांनी ईमेलने सर्व भाऊबंदांना पाठवलेल्या मसुद्यात पणजोबांच्या दोन विवाहांचा क्रम उलटा लिहिला आहे. उत्तर सर्वांनाच पाठवावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी फक्त काकांनाच लिहावे, वडीलधाऱ्या माणसाने कष्टाने जमवलेल्या कामातील चूक चारचौघांत दाखवली, तर ते दुखावतील आणि पुढची माहितीही आटेल. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरू कुळांच्या पिढ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) नामावळीत पूर्वजांची नोंद सापडल्यास तिचे छायाचित्र जोडावे, कारण ऐकीव आठवणीपेक्षा लेखी पुरावा त्यांना पटेल. दुरुस्ती त्यांच्याच नावाने सर्वांकडे जाऊ द्यावी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा मात्र, मी आग्रहाने सांगतो, त्यांच्या संमतीशिवाय कोणालाही पाठवू नयेत.